जनित्र आणि जनरेटर : परभणी जिल्ह्यातील यंत्रपरिभाषेचा विचार

परिभाषेचा विचार मराठीत बहुधा कोशकाराच्या बाजूने झालेला आहे. इंग्रजी संज्ञा समोर ठेवावयाची, तिचा अर्थ निश्चित करावयाचा आणि संस्कृत धातू व प्रत्यय यांच्या साहाय्याने तिला प्रतिशब्द द्यावयाचा, अशी ही रीत आहे. त्या प्रतिशब्दाचे पुढे काय झाले, तो कोणी उच्चारला आणि कोणी बाजूस ठेवला, हे पाहण्याचे काम कोशकाराचे नव्हे. ते भाषाभ्यासकाचे आहे. विजेचे जनित्र आणि ते फिरविणारे एंजिन या जोडयंत्राची परिभाषा अशा तपासणीस फार सोयीची आहे. हे यंत्र एका बाजूस पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे, तर दुसऱ्या बाजूस ते रुग्णालयाच्या आवारात, लग्नाच्या मांडवामागे आणि शेतातल्या विहिरीशेजारी आहे. परभणी जिल्हा या तपासणीस आणखीच सोयीचा ठरतो. कारण मराठवाड्याच्या या भागात यंत्राच्या नावांचे दोन नव्हे, तीन थर आहेत : मिस्त्रीचा, मराठी कोशाचा, आणि या दोहोंच्या खाली गाडला गेलेला उर्दू परिभाषेचा.

प्रथम यंत्राविषयी थोडे. ज्यास व्यवहारात नुसते ‘जनरेटर’ म्हणतात, ती वस्तुतः दोन यंत्रे असतात. एका लोखंडी पायावर एंजिन बसविलेले असते आणि त्याच्या दांड्यास विजेचे यंत्र जोडलेले असते. एंजिन इंधनातील उष्णतेचे फिरत्या गतीत रूपांतर करते. दुसरे यंत्र त्या गतीची वीज करते. डीझेल एंजिनात ठिणगीची आवश्यकता नसते. सिलिंडरात ओढून घेतलेली हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते, आणि त्या हवेत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. रूडॉल्फ डीझेल याने अशा प्रकारचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ मध्ये चालवून दाखविले. विजेच्या भागाचे तत्त्व त्याहून जुने, म्हणजे मायकेल फॅराडे याच्या १८३१ मधील शोधाइतके जुने आहे. चुंबकीय क्षेत्र व तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याच्या सापेक्ष हलले, की तारेत वीज उत्पन्न होते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटास १५०० फेरे फिरले तर त्यातून सेकंदास ५० आवर्तनांची वीज मिळते. म्हणून असे एंजिन नेमके त्याच वेगाने फिरत ठेवावे लागते. हा वेग राखणारा भाग गव्हर्नर होय. भार वाढला की एंजिनाचा आवाज जड होतो आणि क्षणभराने पुन्हा सावरतो. तो सावरणे हे गव्हर्नरचे काम असते.

आता नावे. ‘जनित्र’ हा शब्द जन् या धातूपासून आलेला आहे. वैदिक भाषेत तो आढळतो, परंतु तेथे त्याचा अर्थ जन्मस्थान, उगम असा आहे. उत्पन्न करणारे साधन असा नव्हे. साधनवाचक ‘इत्र’ प्रत्यय पाणिनीने तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात मोजक्या सात धातूंना सांगितला आहे, आणि त्यांतून अरित्र म्हणजे वल्हे, लवित्र म्हणजे विळा, खनित्र म्हणजे खणण्याचे हत्यार, असे शब्द सिद्ध होतात. त्या सातांत जन् नाही, चल् नाही आणि रुह् नाही. तथापि खनित्राचा साचा डोळ्यांपुढे ठेवून आधुनिक परिभाषाकारांनी वीज उत्पन्न करणारे ते जनित्र, विजेने फिरणारे ते चलित्र, आणि विजेचा दाब बदलणारे ते रोहित्र, अशी एक कुटुंबसदृश मालिका तयार केली. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ही सादृश्याने झालेली निर्मिती आहे. पण जिवंत भाषा नेहमी असेच करते, आणि यात आक्षेपार्ह काही नाही. उलट, एकाच प्रत्ययाने तीन भावंडे ओळखू यावीत हा या मालिकेचा मोठा गुण आहे. इंग्रजीत जनरेटर, मोटर व ट्रान्सफॉर्मर या तीन शब्दांत तसे रूपसाम्य नाही.

या ठिकाणी व्युत्पत्तीच्या अभ्यासकास एक गंमत दिसेल. इंग्रजी ‘जनरेटर’ लॅटिनमधून आला, आणि त्याचे मूळ ‘उत्पन्न करणे, जन्म देणे’ या अर्थाच्या धातूत आहे. तो धातू आणि संस्कृत जन् हे एकाच आदिम भारत-युरोपीय मुळाचे आहेत. ‘एंजिन’ हा शब्दही लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी, यावरून आला. त्याचेही मूळ तेच. तेव्हा ‘एंजिन’, ‘जनरेटर’ आणि ‘जनित्र’ हे तिन्ही शब्द मुळात सगोत्र आहेत. एक परका व दुसरा स्वकीय हा वाद इतिहासाच्या दृष्टीने वाटतो तितका सरळ नाही.

याच कल्पनेवर चौथा एक शब्द मराठवाड्याच्या भूमीवर येऊन गेला : ‘मुवल्लिद’. परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या राजभाषेची जागा फारसीकडून उर्दूकडे गेली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू ठेवण्यात आले. त्यासाठी १९१७ पासून भाषांतराचे एक स्वतंत्र खाते काम करीत होते, आणि विज्ञान, वैद्यक, कायदा यांच्या सहस्रावधी संज्ञा तेथे घडविल्या गेल्या. १९२९ मध्ये अभियांत्रिकीचे महाविद्यालयही निघाले. विजेला ‘बर्क’, प्रवाहाला ‘बर्की रौ’, चुंबकाला ‘मिक्नातीस’, ज्वलनाला ‘एहतिराक’, अंतर्ज्वलन एंजिनाला ‘दाखिली एहतिराकी इंजन’, आणि जनित्राला ‘मुवल्लिद’ असे शब्द उर्दूच्या शास्त्रीय लेखनात रूढ आहेत. अरबीत व-ल-द या मुळाचा अर्थ जन्म देणे असा आहे. म्हणजे ‘मुवल्लिद’ करणाऱ्याने आणि ‘जनित्र’ करणाऱ्याने, एकाने अरबी व दुसऱ्याने संस्कृत खणून, एकाच इंग्रजी शब्दाचे एकच रूपक बाहेर काढले.

या कामामागे विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषानिर्मितीवरील ‘वज़ए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ चा. उर्दू ही आर्यकुळातील भाषा असल्याने केवळ अरबीच्या साच्यात शब्द न ओतता उर्दूच्या स्वतःच्या घडणीतून, तिच्या उपसर्ग-प्रत्ययांतून ते करावेत, असा त्यांचा आग्रह होता. मराठीत आज परिभाषेविषयी जे वाद होतात त्यांतील बहुतेक मुद्दे त्या ग्रंथात येऊन गेलेले आहेत, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तो वाचू नये याचे आश्चर्य वाटते.

परंतु ‘मुवल्लिद’ आज परभणीत कोणास विचारावा? १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियाचे माध्यम बदलले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आणि ही सारी परिभाषा एका पिढीच्या आत या जिल्ह्यातून नाहीशी झाली. राज्याचा आश्रय, विद्यापीठ, छापखाना, पंडित, पैसा, सर्व काही असूनही ती टिकली नाही. मात्र फारसी-उर्दू वाटेने आलेले दुसरे शब्द तेथल्या कामठ्यात जसेच्या तसे आहेत : पुर्जा, पेच, पेचकस, कमान, मरम्मत, खराबी. हे शब्द कोणत्याही समितीने दिले नाहीत. ते लोहार, घड्याळजी व बंदुका दुरुस्त करणारे यांच्या हातांतून आले, आणि म्हणून हातांतच राहिले. मराठी परिभाषेचा विचार करणाऱ्याने हे उदाहरण सतत समोर ठेवावे असे आहे, कारण ‘जनित्र’ व ‘मुवल्लिद’ यांची जन्मकथा इतकी सारखी आहे की त्यांचे भवितव्यही सारखे ठरेल काय, ही शंका मनात येणे स्वाभाविक आहे.

शंकेचे उत्तर शोधण्यासाठी एंजिन या जिल्ह्यात कोणत्या वाटेने आले ते पाहावे लागते. ते प्रथम रुळांवरून आले. हैदराबादहून मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. परभणी, पूर्णा, मानवत रोड, सेलू ही तिच्यावरील स्थानके. पूर्णा जंक्शनला तर वाफेच्या एंजिनांची शेड होती. त्यामुळे ‘इंजिन’ म्हणजे आगगाडी ओढणारे, हा अर्थ लोकांच्या कानांत आधी बसला. पुढे कापसाच्या जिनांत, तेलाच्या घाण्यांवर व पिठाच्या गिरण्यांत तेलावर चालणारी एंजिने आली, आणि शेवटी ती विहिरीवर आली. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही संस्था १९४६ मध्ये निघाल्यानंतर महाराष्ट्रभर शेतीच्या एंजिनांचा प्रसार वाढत गेला. विजेच्या तारा शेतापर्यंत येण्यापूर्वीच बहुतेक ठिकाणी एंजिन येऊन पोहोचले होते.

विहिरीवर त्यापूर्वी मोट होती, आणि मोटेला स्वतःची संपूर्ण परिभाषा होती : नाडा, सौंदर, कणा, चाक, बैल उतरतात ती धाव, पाणी ओतले जाते ते थारोळे. एंजिन आले तेव्हा ही सर्व नावे मोटेबरोबर गेली. थारोळ्यासाठी एंजिनाला उपयोग नव्हता आणि धावेसाठीही नव्हता. पण जी नावे वस्तूंची नव्हती ती राहिली. पाणी ‘ओढणे’ राहिले, पिकाला पाणी फिरविताना ‘दारे धरणे’ राहिले. मोट ‘चाले’, तसे एंजिनही ‘चालू’ लागले.

हा भेद या विषयाची किल्ली आहे. एंजिनाच्या भागांची नावे परभणीच्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात विचारली तर ती इंग्रजीच निघतात, उच्चार तेवढा घासून गुळगुळीत झालेला असतो : पिस्टन, रिंग, लायनर, नोझल, क्रँक, बेरिंग, ‘वाल’, ‘इष्टाटर’, ‘सायलेन्सर’. पण त्या भागांना काय झाले हे सांगावयाचे असले की मिस्त्री मराठीत येतो. इंजिन तापते, ऑइल खाते, काळा धूर फेकते, ओढत नाही, हवा धरते, जाम होते. पट्टा घसरतो. मोटार जळते, आणि जळलेली मोटार ‘भरून’ आणावी लागते. जुन्या तारा काढून नव्या तारांचे वेटोळे घालणे यास हा ‘भरणे’ शब्द इतका चपखल आहे की त्याच्यापुढे ‘पुनर्वेष्टन’ यासारखी घडवलेली संज्ञा पांगळी वाटते.

असे का होते? लोकांना इंग्रजीचे वेड आहे, हे उत्तर सोपे असले तरी खरे नव्हे. खरे कारण बाजारात आहे. पिस्टन ही विकत आणावयाची वस्तू आहे. ती दुकानाच्या फळीवर एका डब्यात असते, डब्यावर तिचे नाव व क्रमांक छापलेला असतो, आणि ज्या नावाने ती मागितली असता मिळते तेच तिचे नाव होय. मराठी विश्वकोशाने पिस्टनसाठी ‘दट्ट्या’ हा शब्द वापरला आहे. तो अस्सल देशी आहे, उच्चारास ठसकेदार आहे, अर्थाला नेमका आहे. संस्कृतप्रचुरतेचा आरोप त्याच्यावर कोणी करू शकत नाही. तरीही सेलूच्या दुकानात दट्ट्या मागून दट्ट्या मिळत नाही. यावरून परिभाषा सोपी व देशी असली की ती आपोआप रुजते, हा आवडता सिद्धांत अपुरा ठरतो. उलट बाजूने, बिघाड ही विकत मिळणारी वस्तू नाही. ती डब्यात येत नाही, तिच्यावर नाव छापलेले नसते. ती माणूस पाहतो, ऐकतो, आणि दुसऱ्या माणसास समजावून सांगतो. म्हणून तिचे नाव बोलणाऱ्याच्या भाषेत राहते.

इंग्रजी शब्द किती पचले आणि किती तसेच राहिले, हे ओळखण्याची एक व्याकरणिक खूण आहे. मराठीत नाम विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप घेते. ‘मोटार’ स्त्रीलिंगी झाली आणि ‘मोटारीला’, ‘मोटारी’ अशी तिची रूपे होऊ लागली. ‘बॅटरी’चे ‘बॅटऱ्या’ झाले, ‘वायर’चे ‘वायरी’. ‘इंजिन’ नपुंसकलिंगी झाले. ‘इंजिनाचा आवाज’ आणि ‘इंजिनचा आवाज’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. ‘जनरेटर’ मात्र अजून ‘जनरेटरला’, ‘जनरेटरचा’ असाच अडून आहे. ‘जनरेटराला’ कोणी म्हणत नाही. ‘जनित्र’ हा शब्द वापरला तर ‘जनित्राला’, ‘जनित्राचा’, ‘जनित्रे’ ही सर्व रूपे बिनतक्रार होतात. व्याकरणाच्या दृष्टीने मराठीत जनित्र घरचे आहे आणि जनरेटर पाहुणा. वापराच्या दृष्टीने नेमके उलटे आहे.

लिंग ठरण्यातही मौज आहे. शेतात उभ्या असलेल्या रोहित्राला सर्वत्र ‘डीपी’ म्हणतात, आणि ती स्त्रीलिंगी आहे : डीपी जळाली, डीपी बसवली. शब्दाच्या शेवटी दीर्घ ईकार असल्यामुळे तिला हे लिंग मिळाले असावे. ‘लाइट’ही स्त्रीलिंगी झाली, बहुधा ‘वीज’ व ‘बत्ती’ यांच्या संगतीने. हा शब्द इंग्रजीत प्रकाशाचा आहे, परंतु परभणीत, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अन्यत्रही, तो खुद्द विजेचा वाचक झाला आहे. ‘मोटारीला लाइट नाही’ या वाक्यात प्रकाशाचा संबंध कोठेही नाही. विजेचा पहिला परिचय दिव्याच्या रूपाने झाल्याची ही खूण असावी. आणि ‘वीज’? संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु, मराठी वीज, अशी ही सरळ परंपरा आहे, आणि तो शब्द आकाशातून ‘पडते’ तिलाही चालतो, तारेतून ‘जाते’ तिलाही. क्रियापद कोणते आहे यावरूनच कोणती वीज ते कळते.

ग्रांथिक परिभाषेची मोठी अडचण तिच्या काठिण्यापेक्षा तिच्या द्विधापणात आहे, असे म्हटले तर ते अधिक न्याय्य होईल. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात फ्रीक्वेन्सीला ‘कंप्रता’ म्हटले आहे. शालेय पुस्तकांत तीच ‘वारंवारता’ आहे. फोर्स तेथे ‘प्रेरणा’ आहे, शाळेत ‘बल’. एंजिनाच्या दांड्यावरील जड चाकाला विश्वकोश ‘प्रचक्र’ म्हणतो, एंजिनाजवळचा माणूस ‘फ्लायव्हील’ किंवा नुसते ‘चाक’. जिंतूरच्या मराठी शाळेत ‘वारंवारता’ शिकलेला विद्यार्थी विश्वकोशातील जनित्रावरची नोंद उघडतो तेव्हा त्याला आपल्याच भाषेत पुन्हा भाषांतर करावे लागते. मग तो इंग्रजी शब्दाकडे वळला तर दोष त्याला देता येत नाही. (विजेची तार जमिनीस जोडण्याला मिस्त्री ‘अर्थ देणे’ म्हणतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रयोग ऐकून जे वाटते ते सांगण्याची गरज नाही.)

आता दुसरी बाजू. घडवलेले शब्द रुजतच नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या झाल्या. ‘महावितरण’ हा शब्द आज कोणाही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. लोडशेडिंगला दिलेला ‘भारनियमन’ हा शब्द वृत्तपत्रांतून, मोर्च्यांतून व निवेदनांतून पसरला आणि इंग्रजी शब्दाच्या बरोबरीने उभा राहिला. परभणी जिल्ह्यापुरते आणखी बोलके उदाहरण जिंतूर तालुक्यातील येलदरीचे आहे. पूर्णा नदीवरील या धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले, एकूण २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र १९६८ पासूनचे आहे. येथे जनित्र फिरविणारे एंजिन नाही. ते काम पाण्याच्या जोरावर टरबाइन करते. संचांच्या भागांची नावे येथेही इंग्रजीच आहेत. पण पावसाळ्यात धरण भरत आले म्हणजे विद्युत केंद्रातून व दरवाजांतून किती क्युसेक ‘विसर्ग’ चालू आहे, हे नदीकाठच्या गावांना कळविले जाते. ‘विसर्ग’ हा शब्द तोपर्यंत व्याकरणात दोन टिंबांपुरता माहीत होता. आता तो पूर्णेच्या काठी राहणाऱ्या निरक्षर माणसालाही कळतो, कारण तो ऐकल्यावर जनावरे व मोटारी वर काढावयाच्या असतात. त्याच वेळी ‘सांडवा’ हा जुना देशी शब्दही त्याच्या शेजारी सुखाने नांदतो.

भारनियमन, विसर्ग, वितरण : रुजलेल्या या शब्दांत एकही सुट्या भागाचे नाव नाही. ही सर्व घटनांची व व्यवहारांची नावे आहेत, आणि ती गरजेच्या क्षणी, मराठी वाक्यात गुंफून लोकांच्या कानांवर आली. मुवल्लिदाला असा क्षण कधीच मिळाला नाही. तो वर्गात जन्मला आणि वर्ग बंद झाला तेव्हा संपला. म्हणून परिभाषासमित्यांनी आपले बळ पिस्टन-रिंग-नोझल यांच्यावर खर्च करावे की एंजिनाच्या क्रिया, बिघाड व धोके यांच्या नावांवर, या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही.

धोक्यांच्या बाबतीत तर ही निवड जिवाशी संबंधित आहे. दोन उदाहरणे पुरेशी होतील.

वीज गेली असता घरातले किंवा दुकानातले जनरेटर सुरू केले, आणि बाहेरच्या तारेशी असलेला संबंध तोडलेला नसला, तर जनरेटरची वीज उलट वाटेने रोहित्रापर्यंत जाऊ शकते. गावातील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून ४३३ व्होल्टवर आणते. परंतु ते दोन्ही दिशांनी काम करते. खालच्या बाजूने वीज आली तर वरच्या बाजूस ते हजारो व्होल्ट उभे करते, आणि तार बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या कामगाराचा त्यात मृत्यू होऊ शकतो. या कामगारांना अलीकडे महावितरण ‘जनमित्र’ म्हणते. ‘जनित्र’ व ‘जनमित्र’ हे शब्द एकाच सूचनेत आले तर वाचणाऱ्याची काय अवस्था होईल याचा विचार नाव देणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. या ठिकाणी ‘रोहित्र’ या शब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. रुह् म्हणजे चढणे. दाब उतरविण्यासाठी बसविलेल्या यंत्रास चढविणाऱ्याचे नाव द्यावे, ही एरवी विसंगती वाटेल. पण वीज उलटी शिरते त्या एका क्षणी ते नाव अक्षरशः खरे होते. ‘डीपी’ या दोन अक्षरांतून हे ज्ञान कधीच मिळणार नाही. ग्रांथिक शब्दाची खरी उपयुक्तता अशा ठिकाणी आहे : तो दुकानात चालत नसला तरी शिक्षकाच्या हातात तो एक समजावून सांगण्याचे साधन आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाने ‘डीपी म्हणजे रोहित्र, आणि रोहित्र चढवतेही’ इतके एक वाक्य फळ्यावर लिहिले तर ते वाया जाणार नाही. या उलट्या वाहण्याला मात्र सर्वमान्य असे सुटसुटीत मराठी नाव अद्याप नाही. ‘उलटा पुरवठा’ असे म्हणता येईल. विकत आणावयाची ती वस्तू नसल्यामुळे तो शब्द रुजण्यास बाजाराची आडकाठी येणार नाही.

दुसरे उदाहरण धुराचे. बंद खोलीत जनरेटर चालवू नये, धूर कोंडतो, अशी सूचना सर्वत्र दिली जाते. ती हितबुद्धीने दिलेली असली तरी तिच्यातील शब्द चुकीचा आहे. मारणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला चिकटतो आणि माणूस गुंगीत जातो. ‘धूर’ हा मराठी शब्द मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या, डोळे चुरचुरविणाऱ्या पदार्थाचा आहे. एंजिन नीट चालत असेल, काळे फेकत नसेल, तर ‘धूर नाही’ असे मराठी बोलणारा माणूस प्रामाणिकपणे म्हणेल, आणि खोलीचे दार लावून झोपेल. म्हणजे येथे शब्द देशी आहे, सोपा आहे, सर्वांना कळतो, आणि तरीही तो माणसाला धोक्यात घालतो. ‘एंजिनाचा न दिसणारा विषारी वायू’ असे लांबलचक म्हटलेले परवडले.

सूचनेच्या वाक्याची घडणही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘जनित्र कार्यान्वित करण्यापूर्वी मुख्य पुरवठा खंडित करण्यात यावा’ हे कार्यालयीन मराठी झाले. यातील प्रत्येक शब्द कोशात आहे, पण कर्माचा कर्ता कोठेही नाही; कोणी खंडित करावा, ते वाक्य सांगत नाही. ‘जनरेटर लावण्याआधी मेन बंद करा’ या वाक्यात दोन शब्द इंग्रजी आहेत. उरलेले सर्व, आज्ञार्थासकट, मराठी आहे. पहिले वाक्य शुद्ध मानले जाते व दुसरे मिश्र. परंतु पहिल्यात इंग्रजी कर्मणी रचनेचा सांगाडा मराठी शब्दांनी झाकलेला आहे, तर दुसऱ्यात इंग्रजी वस्तू मराठी वाक्याच्या ताब्यात आहेत. नामे उसनी घेतल्याने भाषेचे किती बिघडते आणि वाक्यरचना उसनी घेतल्याने किती, याचे माप घेण्यासाठी परभणी, मानवत, पूर्णा येथील दुकानांतल्या आणि कार्यालयांतल्या जनरेटरवर लावलेल्या सूचनांचा संग्रह करणे हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेचा चांगला विषय होईल.